गव्हांकुर : व्हाया बोस्टन

नवरात्रात खानदेशातल्या धरणगावच्या घराघरांत घट बसतात. पत्रावळीवर किंवा परडीत शेतातली माती, त्यात मूठभर गहू, कुठे सात धान्यं, मधोमध पाण्यानं भरलेला मातीचा घट आणि शेजारी अखंड दिवा. देवघराच्या कोपऱ्यात ऊन पोचत नाही, म्हणून कोंब उजेडाकडे माना लांबवतात आणि पिवळसर पोपटी रंगाचे होतात. दसऱ्याला ते देवाला वाहायचे, टोपीत खोवायचे, कानावर ठेवायचे. आठ-नऊ दिवसांत वीतभर गहू कसा उगवायचा, हे इथल्या कुठल्याही आजीला शिकवावं लागत नाही. पण इतक्या पिढ्या हे धान उगवूनही ते वाटून, गाळून, औषध म्हणून प्यायची रीत काही घटासोबत आली नाही. ती आली वेगळ्याच वाटेनं.

आज मात्र गव्हांकुराचा रस सगळीकडे आहे. सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या वाटेवर रसाच्या गाड्या लागतात, औषधांच्या दुकानात हिरव्या भुकटीच्या डब्या असतात आणि मोबाइलवर रोज एखादा संदेश येतो की साखर, रक्तदाब, मूळव्याध, मुतखडा, कर्करोग या सगळ्यांवर हा एकच उपाय. लेकी-सुनांना प्यायला देणारी एखादी मावशी अहिराणीत दोनच शब्दांत त्याचं कारण सांगते, ‘रगत वाढस.’ बाटलीवर लिहिलेलं असतं, ‘हजारो वर्षांचा भारतीय वारसा’. मावशीच्या म्हणण्याकडे नंतर येऊ. बाटलीवरचं आधी तपासू, कारण ते तपासायला सोपं आहे.

आयुर्वेदात गहू आहे, आणि मानाचा आहे. वाग्भटानं ‘अष्टांगहृदया’त गोधूमाला वृष्य, स्निग्ध आणि ‘संधानकारी’ म्हटलं आहे, म्हणजे तुटलेलं सांधणारा. पण हे गुण दाण्याचे. औषध म्हणून जे गवत आपल्या वैद्यांनी वापरलं ते दूर्वा. नाकातून रक्त येतं तेव्हा दूर्वांचा रस नाकात सोडायचा, त्वचेच्या विकारांवर दूर्वांनी सिद्ध केलेलं तेल लावायचं, हे प्रयोग जुने आहेत. शेतकऱ्याच्या लेखी हीच दूर्वा म्हणजे हरळी. कुळवून, खणून, जाळूनही ती हटत नाही आणि कपाशीच्या वाफ्यात दिसली की शिव्या खाते. तेव्हा गवताचा रस औषधी असू शकतो ही कल्पना आपल्याला परकी नाही. परकं आहे ते गव्हाच्या पात्याला दिलेलं धन्वंतरीचं पद.

ते पद अमेरिकेत मिळालं. १९३० च्या सुमारास चार्ल्स श्नाबेल नावाचा कॅन्सस सिटीचा एक कृषिरसायनज्ञ कोंबड्यांच्या खाद्यावर प्रयोग करत होता. मरणाला टेकलेल्या कोंबड्यांना त्यानं कोवळ्या तृणधान्यांची पाती खाऊ घातली, त्या तगल्या आणि अंडी जास्त घालू लागल्या. श्नाबेलनं मग तीच वाळवून दळलेली पाती घरच्यांना दिली, शेजाऱ्यांना दिली, आणि ‘सेरोफिल’ या नावानं तिची डबाबंद भुकटी विकायलाही आली. जीवनसत्त्वाच्या गोळ्या सर्रास मिळण्याआधीचा तो काळ होता. हिवाळ्यात ताजी भाजी न मिळणाऱ्या माणसाला हिरव्या पानांची भुकटी उपयोगी पडली असेल, यात नवल काही नाही.

श्नाबेलच्या कामातला एक बारकावा पुढे हरवला. त्याचं गवत थंडीत, उघड्या शेतात, सावकाश वाढलेलं असे आणि कांडी धरण्याच्या जरा आधी कापलेलं असे. खानदेशातला गहू करणारा शेतकरी ही अवस्था बरोबर ओळखतो. नोव्हेंबरात पेरलेल्या गव्हाला अठरा ते एकवीस दिवसांनी मुकुटमुळं फुटतात, तेव्हा पहिलं महत्त्वाचं पाणी द्यायचं, आणि चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी कांडी धरते तेव्हा दुसरं. श्नाबेलचं पातं या दुसऱ्या पाण्याच्या आसपासचं. आपण पितो ते ट्रेमधलं पातं सात दिवसांचं असतं. ते जमिनीतून फारसं काही घेत नाही, दाण्यातल्या शिदोरीवर जगतं. त्यामुळे श्नाबेलच्या गवताच्या पोषणाचे आकडे या रसाच्या बाटलीवर छापण्यात अर्थ नाही.

श्नाबेलचं गवत भुकटीचं होतं. त्याचा रस काढून त्याला संजीवनी ठरवणाऱ्या बाई म्हणजे अ‍ॅन विग्मोर. जन्म १९०९, लिथुआनियात. पहिल्या महायुद्धात आपली आजी रानातल्या पाल्यानं जखमी सैनिकांच्या जखमा बऱ्या करत असे, असं त्या सांगत. पुढे अमेरिकेत तरुणपणी अपघातात पाय चिरडले, गँग्रीन झालं, डॉक्टर पाय कापायला निघाले आणि आपण गवत-पाला खाऊन, लावून ते वाचवले, अशीही त्यांची हकिकत आहे. ही त्यांची त्यांनीच सांगितलेली कथा. गव्हाचं गवत आणि जखम यांची गाठ जगभर पडली ती या हकिकतीमुळे. बायबलमधला राजा नबुखद्नेस्सर वेड लागल्यावर बैलासारखं गवत खात होता आणि नंतर शुद्धीवर आला, हा दाखलाही त्या देत. आजारी कुत्री-मांजरं गवत खातात, हा दुसरा. (कुत्रं गवत खाऊन बहुधा ओकतं, पण ते असो.)

बोस्टनमध्ये विग्मोर यांनी कच्च्या अन्नाची आणि गव्हांकुराची संस्था चालवली. १९८५ मध्ये आलेलं त्यांचं ‘द व्हीटग्रास बुक’ हे पुस्तक या उपचाराचं बायबल ठरलं. त्याआधी, १९८२ मध्ये, मॅसॅच्युसेट्स राज्याच्या महाधिवक्त्यांनी त्यांच्यावर खटला भरला होता. आपल्या आहारानं मधुमेह्यांना इन्सुलिन कमी करता येतं किंवा बंदच करता येतं, असा दावा त्या करत होत्या. नंतर तो त्यांनी मागे घेतला. १९८८ मध्ये पुन्हा खटला, या वेळी एड्स बरा करण्याच्या दाव्यावरून. न्यायाधीशांनी मत मांडण्याचं स्वातंत्र्य मान्य केलं, पण स्वतःला डॉक्टर म्हणवून घेण्यास बंदी घातली. मधुमेहाचा जो दावा बोस्टनमध्ये १९८२ च्या खटल्यानंतर मागे घ्यावा लागला, तो आज आपल्याकडे चहाच्या टपरीवर बिनदिक्कत केला जातो. खरं तर आपल्याकडेही १९५४ चा जादुई उपचारांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदा आहे आणि मधुमेह, कर्करोग बरा करण्याच्या जाहिराती त्यानं निषिद्ध आहेत. कायदा जाहिरातीला अडवतो, मोबाइलवर पुढे ढकललेल्या संदेशाला अडवणं त्याला जमत नाही.

महाराष्ट्रात या रसाला घर मिळालं ते निसर्गोपचारात. इथली परंपरा मोठी आहे. पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांचं निसर्गोपचार केंद्र होतं, गांधीजी तिथे राहिले. १९४६ च्या मार्चमध्ये गांधीजी उरुळी कांचनला मुक्कामी गेले आणि तिथे निसर्गोपचार आश्रम उभा राहिला. मणिभाई देसाई आणि विनोबांचे बंधू बाळकोबा भावे यांनी तो वाढवला. पुण्याच्या त्याच जुन्या वास्तूत १९८६ पासून राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आहे. पण गांधीजींचा निसर्गोपचार होता तो मातीच्या पट्ट्यांचा, कटिस्नानाचा, उपासाचा, सूर्यप्रकाशाचा. १९४२ मध्ये आगाखान पॅलेसच्या बंदिवासात लिहिलेल्या ‘आरोग्याच्या किल्ली’त पृथ्वी, पाणी, आकाश, तेज, वायू आहेत. गव्हांकुराचा पेला त्यात नाही. तो नंतर विग्मोर यांच्या लाटेवर आला आणि निसर्गोपचाराच्या ताटात इतका सहज बसला की तो तिथलाच वाटू लागला. बाहेरून आलं म्हणून काही वाईट ठरत नाही. मिरची आणि बटाटा बाहेरूनच आले आणि मिरचीशिवाय खानदेशी शेवभाजीची कल्पनाही करवत नाही. प्रश्न ते कुठून आलं हा नाही, ते काय करतं हा आहे.

आता मावशीचं ‘रगत वाढस’.

यामागे एक खरीखुरी रसायनशास्त्रातली गोष्ट आहे, आणि म्हणूनच ती इतकी चिकट आहे. पानाला हिरवा रंग देणारं हरितद्रव्य आणि रक्ताला लाल रंग देणारा हीम यांची रचना खरोखर सारखी दिसते. दोन्हींत एक मोठं कडं आणि त्या कड्याच्या मधोमध, चार नायट्रोजनांनी धरून ठेवलेला, एक धातूचा अणू. रक्तात तो लोहाचा, पानात मॅग्नेशियमचा. हान्स फिशर या जर्मन शास्त्रज्ञाला १९३० चं नोबेल याच दोन रेणूंच्या रचनेवरच्या कामासाठी मिळालं. इथून ‘हिरवं रक्त’ हा शब्द निघाला आणि मग तर्क असा की मॅग्नेशियमच्या जागी लोह बसवलं की झालं रक्त तयार.

हा तर्क का चालत नाही ते चुलीवर पाहता येतं. अंबाडीची भाजी शिजायला टाका. हिरवीगार पानं बघता बघता शेवाळी, मग मातकट होतात, कारण अंबाडीतलं आम्ल हरितद्रव्याच्या कड्यातून मॅग्नेशियम बाहेर ढकलतं आणि रंग जातो. पालक किंवा मेथीचा रंग त्या मानानं टिकतो, कारण त्यांत आंबटपणा कमी. आता आपल्या पोटातलं आम्ल अंबाडीच्या कितीतरी पट तीव्र. तिथे पोचल्यावर रसातल्या हरितद्रव्याचं तेच होतं. उरलेलं कडं आतड्यातून फारसं शोषलं जात नाही आणि जे काही शोषलं जातं त्याचा शरीर हीम बनवत नाही. हीम आपली अस्थिमज्जा स्वतः, साध्या कच्च्या मालापासून, नव्यानं घडवते. तिचं काम थक्क करणारं आहे. दर सेकंदाला सुमारे वीस लाख लाल पेशी ती तयार करते. तिला लागतं ते लोह, प्रथिनं, फोलेट आणि बी-१२. रसात फोलेट थोडं आहे. बी-१२ वनस्पती बनवतच नाहीत. ३० मिलिलिटर रसातलं प्रथिन एक ग्रॅमही भरत नाही. अर्धी वाटी घट्ट वरण यापेक्षा कितीतरी देऊन जातं, आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीसमोर तर हा पेला उभाच राहू शकत नाही.

‘एक किलो गव्हांकुर म्हणजे तेवीस किलो भाज्या’ हे वाक्यही तुम्ही ऐकलं असेल. त्याला पोषणशास्त्राचा आधार नाही. गव्हांकुराचा रस हा एका साध्या हिरव्या पालेभाजीच्या रसाइतका आहे, त्याच्या वर नाही. शेवग्याचा पाला त्याच्याहून सरस आहे, आणि खानदेशात शेवग्याचं झाड कुणाच्या ना कुणाच्या परसात असतंच. त्याचा पाला ज्याला हवा त्याला फुकट मिळतो. त्याची भाजी, वर लिंबू पिळलेलं, जेवणानंतर लगेच चहा नाही, एवढं सांभाळलं तर पोटात जाणाऱ्या लोहाचा निदान अर्थपूर्ण हिशेब सुरू होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांचं हिमोग्लोबिन कमी निघालं. त्यांच्यासाठी गावोगावच्या सरकारी दवाखान्यात लोहाच्या गोळ्या मिळतात. त्या खाल्ल्यावर मळमळतं, शौचाला काळं होतं म्हणून अनेकजणी त्या फडताळात टाकून देतात आणि गव्हांकुरावर विसंबतात. गोळी जेवणासोबत घेऊन पाहा, डॉक्टरला प्रकार बदलून मागा. फडताळातली गोळी रक्त वाढवत नाही, हे मात्र मावशीला सांगायला हवं.

खानदेशात या ‘रक्त वाढवण्याला’ आणखी एक धारदार कंगोरा आहे. धरणगावच्या उत्तरेला तापी, तापीपलीकडे चोपडा, यावल, रावेर आणि मागे सातपुडा. तिथल्या पावरा, भिल्ल, तडवी वस्त्यांत, तसंच धुळे-नंदुरबारच्या पट्ट्यात सिकलसेलचा आजार आहे. हिमोग्लोबिनच्या साखळीतला एकच अमिनो आम्लाचा मणी बदललेला असतो, पण त्यामुळे लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि निरोगी पेशी १२० दिवस जगते तिथे या दहा-वीस दिवसांत मरतात. मुलाला अंगदुखीचे असह्य झटके येतात, अंग पिवळं पडतं. हे रक्त ‘कमी’ असणं नसून रक्त वेगळं घडणं आहे, आणि कुठल्याही पाल्याच्या रसानं तो मणी बदलत नाही. साध्या विद्राव्यता चाचणीनं संशय कळतो, पुढच्या चाचणीनं निदान होतं, हायड्रॉक्सियुरिया नावाच्या औषधानं झटके कमी होतात. १ जुलै २०२३ पासून केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे आणि तीत तपासणी करून कार्ड दिलं जातं. अशा मुलाला रस पाजला तर फार बिघडणार नाही. रसावर भिस्त ठेवून तपासणी आणि औषध टळलं तर बिघडेल.

गव्हांकुराच्या बाजूनं सर्वांत जास्त दाखवला जाणारा भारतीय अभ्यास रक्ताच्याच एका दुसऱ्या आजाराचा आहे. चंडीगडच्या पीजीआय संस्थेनं २००४ मध्ये ‘इंडियन पेडिअॅट्रिक्स’मध्ये तो छापला. थॅलेसेमियाच्या मुलांना, ज्यांना दर काही आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, घरी वाढवलेल्या गव्हांकुराचा १०० मिलिलिटर रस रोज दिला. १६ मुलांच्या नोंदी तपासल्या, त्यांतल्या आठ जणांची रक्ताची गरज २५ टक्के किंवा त्याहून अधिक घटली. ही बातमी दुर्लक्ष करण्यासारखी नाही. पण निम्म्यांना तेवढा फायदा झाला नाही, रस न घेणारा वेगळा गट तुलनेला नव्हता, आणि संशोधकांनी स्वतःच याला प्राथमिक अभ्यास म्हटलं. पुढच्या अभ्यासांचे निकाल एका दिशेचे आले नाहीत. इस्रायलमधला २००२ चा एक अभ्यास मला त्याहून पक्का वाटतो. मोठ्या आतड्याला व्रण पडून रक्त जाण्याचा जो आजार, अल्सरेटिव्ह कोलायटिस, त्याच्या २३ रुग्णांना महिनाभर रोज १०० मिलिलिटर रस किंवा तसंच दिसणारं दुसरं पेय दिलं. कुणाला काय मिळतंय हे रुग्णालाही ठाऊक नव्हतं आणि तपासणाऱ्यालाही. रस घेणाऱ्यांचं रक्त जाणं कमी झालं. रुग्ण मूठभर, कालावधी महिन्याचा, रस नेहमीच्या औषधांच्या जोडीला. तरी प्रश्न विचारायची ही रीत योग्य होती. गव्हांकुराबद्दल आशेनं बोलायचं असेल तर इथून बोलावं, नबुखद्नेस्सरापासून नको.

आता जखम. धरणगाव हे कापसाचं आणि जिनिंगचं गाव. वेचणीच्या दिवसांत बायांच्या बोटांकडे पाहा. उमललेल्या बोंडाच्या वाळक्या पाकळ्यांना सुईसारखी टोकं असतात, कापूस ओढताना ती नखाच्या मुळाशी रुततात आणि दिवसभरात दहाही बोटं बारीक बारीक चिरली जातात. काहीजणी चिंधी बांधून वेचतात. विळ्या-कोयत्याचे वार वेगळेच. रानात असताना हाताशी येतो तो एकदांडीचा पाला. कुणी त्याला दगडीपाला म्हणतं, कुणी कंबरमोडी. बांधावर लांब देठावर पिवळं-पांढरं फूल डोलणारी ही बुटकी वनस्पती. पानं तळहातावर चोळायची आणि हिरवा रस जखमेत पिळायचा, रक्त थांबतं. गंमत म्हणजे हीसुद्धा मूळची अमेरिकेतलीच. पण लोकांनी ती इथे पिढ्यान्‌पिढ्या जखमेवर वापरून पाहिली आहे, गव्हाच्या पात्याबद्दल तसं म्हणता येत नाही.

घरात असते ती हळद. तिची हकिकत तर आंतरराष्ट्रीय आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला ‘जखम भरण्यासाठी हळदीचा वापर’ यावर पेटंट मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक होते. संस्थेनं आव्हान दिलं, जुने ग्रंथ आणि १९५३ चा भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला एक शोधनिबंध पुढे ठेवला, आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. ‘आमच्या आज्या लावायच्या’ हे अमेरिकेच्या पेटंट कार्यालयात पुरेसं नव्हतं, कुठे लिहिलंय ते दाखवावं लागलं. गव्हांकुरानं जखम भरते असं म्हणणाऱ्यालाही हाच प्रश्न विचारायला हवा.

लिहिलेलं काही आहे, पण ते गवताबद्दलचं नाही. १९४० मध्ये बेंजामिन ग्रस्किन या अमेरिकी डॉक्टरनं शल्यचिकित्सेच्या एका नामांकित नियतकालिकात हरितद्रव्याच्या वापराचा मोठा अहवाल छापला. पू झालेल्या, चिघळलेल्या जखमा, व्रण, सायनस यांवर पाण्यात विरघळणारं हरितद्रव्य वापरलं आणि जखमा स्वच्छ झाल्या, दुर्गंधी गेली, असं त्यानं नोंदवलं. दुसऱ्या महायुद्धात आणि नंतर लष्करी डॉक्टरांनीही ते वापरलं. सडलेल्या जखमेच्या वासानं अख्खा वॉर्ड भरून जाई, तो वास कमी होणं हीच तिथे मोठी गोष्ट होती. पन्नासच्या दशकात अमेरिकेत मग हरितद्रव्याचं वेडच पसरलं आणि टूथपेस्टपासून कुत्र्याच्या खाण्यापर्यंत सगळं हिरवं झालं. दिवसभर हिरवा पाला खाणाऱ्या बोकडाचा वास काही जात नाही, हे तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नसावं. बोकडाचा बाजार भरणाऱ्या आपल्यासारख्या गावांत हे सांगायला शास्त्रज्ञ लागला नसता.

इथे एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. डॉक्टर वापरत होते ते क्लोरोफिलिन. हरितद्रव्यावर प्रक्रिया करून, मॅग्नेशियम काढून त्या जागी तांबं बसवून, पाण्यात विरघळेल असं केलेलं आणि निर्जंतुक केलेलं. पाट्यावर वाटलेल्या गव्हांकुरात ते नसतं. दाण्याचा आणि मातीचा अंश, बुरशीचे बीजाणू मात्र असतात. गव्हांकुराच्या मलमाची एक नीट चाचणी ऑस्ट्रेलियात झाली, टाचदुखीवर, २००६ मध्ये. ८० रुग्ण, निम्म्यांना गव्हांकुराचं मलम, निम्म्यांना साधं, दिवसातून दोनदा सहा आठवडे. दोन्ही गट सुधारले आणि सारखेच सुधारले. टाचदुखी ही जखम नव्हे, हे खरं. पण ‘लावलं आणि बरं वाटलं’ या अनुभवातलं किती श्रेय मलमाचं आणि किती काळाचं, हे त्यातून कळतं. बारीक चिरा तशाही आठवड्यात भरतात, वर काहीही लावा.

म्हणून उघड्या जखमेवर मातीत उगवलेल्या गवताचा लगदा बांधू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. शेणखताच्या मातीत धनुर्वाताचे बीजाणू असतात आणि खोल, झाकलेली, हवा न लागणारी जखम त्यांना मानवते. वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवा, स्वच्छ फडक्यानं दाबून रक्त थांबवा, खोल असेल तर टाके आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. मधुमेह्याच्या पायाची जखम तर घरगुती प्रयोगासाठी नाहीच. नसांची संवेदना गेलेली असते, दुखत नाही, म्हणून ‘किरकोळ’ वाटते, वर हिरवा लेप बसतो आणि खाली हाडापर्यंत पोखरलं जातं. विग्मोरबाईंचे पाय वाचले असतील, पण गँग्रीनच्या पायावर गवत बांधून बसलेल्यांपैकी किती जणांचे गेले, याचं पुस्तक कुणी लिहीत नाही.

मग प्यावा की नाही? आवडत असेल तर खुशाल प्यावा, पालेभाजी म्हणून. काही मोजक्यांनी मात्र जपून. हृदयाची झडप बदललेल्यांना किंवा रक्ताची गुठळी झालेल्यांना वॉरफेरिनसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी असते. पात्यात ‘के’ जीवनसत्त्व भरपूर असतं आणि ते या गोळीच्या नेमकं उलट काम करतं. आज पेलाभर, उद्या काहीच नाही, असं केलं तर गोळीचा हिशेब कोलमडतो. गरोदर बायांनी आणि केमोथेरपी चालू असलेल्यांनी कच्चा रस टाळलेला बरा. दमट, कोमट जागेत बी रुजतं तसे जंतूही रुजतात. २०११ मध्ये जर्मनीत मोड आलेल्या मेथीतून पसरलेल्या ई-कोलायच्या साथीत पन्नासहून अधिक माणसं दगावली होती. गव्हाची अॅलर्जी किंवा सिलियाक आजार असलेल्यांनी ‘पात्यात ग्लुटेन नसतं’ या वाक्यावर विसंबू नये. पात्यात नसलं तरी कापताना खाली चिकटलेला दाणा सोबत येतो. आणि रस प्यायल्यावर पुष्कळांना मळमळतं, उलटी होते. ‘विषं बाहेर पडताहेत’ असं तेव्हा सांगितलं जातं. पोट नको म्हणतंय, एवढाच त्याचा अर्थ.

घरी वाढवायचा असेल तर गहू कुठला, हा पहिला प्रश्न. लोकवन चालतो, बन्सी चालतो, निफाडच्या संशोधन केंद्राचा ‘त्र्यंबक’ही चालतो.   वाणापेक्षा महत्त्वाचं आहे ते दाण्याला काय लावलंय. कृषी सेवा केंद्रातून पेरणीसाठी आणलेलं पिशवीतलं बियाणं कधीही वापरू नये. त्यावर थायरमसारखं बुरशीनाशक चोळलेलं असतं, गुलाबी-लाल रंग त्याची खूण. पेरणीनंतर उरलेलं मूठभर बियाणं वाया कशाला घालवायचं, म्हणून ते ट्रेमध्ये पेरलं जातं, आणि शेतीच्या गावात हा धोका शहरापेक्षा जास्त. घरातल्या वर्षभराच्या गव्हातही पाऱ्याच्या गोळ्या किंवा बोरिक पावडर घातलेली असते, तोही नको. किराणा दुकानातून खाण्याचा, काही न लावलेला गहू वेगळा आणावा.

तो रात्रभर भिजवायचा, फडक्यात बांधून मोड येऊ द्यायचे, भोकं पाडलेल्या ट्रेमध्ये दोन बोटं मातीवर दाण्याला दाणा लागेल असा पसरायचा. खत पूर्ण कुजलेलंच हवं, नाहीतर नकोच. दोन दिवस ओल्या गोणपाटाखाली, मग उजेडात, पण खानदेशातल्या थेट उन्हात नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा पाती दुपारपर्यंत करपतात आणि बुडाशी दमट राहून पांढरी बुरशी धरते. दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचा काळ उत्तम. वीतभर झालं की मातीच्या वर दोन बोटं सोडून कात्रीनं कापायचं, तीन पाण्यांतून धुवायचं, थोडं पाणी घालून मिक्सरला फिरवायचं आणि गाळून लगेच प्यायचं. दुसऱ्यांदा फुटलेलं पातं चिवट आणि बेचव असतं. आणि पांढऱ्या मुळांच्या जाळीवर करडे-काळे ठिपके किंवा कुबट वास आला, तर धुऊन वाचवायच्या भानगडीत न पडता अख्खा ट्रे उकिरड्यावर टाकायचा.